लाल टोपी आणि चौथं कडवं

सोमवार ते शुक्रवार कॉटनवुड बेंड गावात वेंडेल कुबिकबद्दल वाईट बोलणारा माणूस कंदील घेऊन शोधला तरी सापडणार नाही. माणसानं आयुष्यभर शाळेची पिवळी बस चालवली. गावातला आजचा दंतवैद्य, बँकेतल्या मोठ्या बाई, मेथडिस्ट चर्चचे पाद्रीबाबा, हे सगळे लहानपणी कधी ना कधी त्याच्या बसमध्ये ओकलेले आहेत, आणि वेंडेलनं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अशा माणसाबद्दल गावाला आदर असणारच.

शनिवारी मात्र याच वेंडेलची साठ हजार माणसं एका सुरात हुर्यो उडवतात. त्यात दंतवैद्य असतो. बँकेच्या बाई असतात. पाद्रीबाबा तोंडानं काही म्हणत नाहीत, पण पाय आपटतात.

कारण शनिवारी वेंडेलच्या डोक्यावर लाल टोपी असते.

गावात लूप व्हॅली स्टेट विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा, चार डावांचा. संघाचं नाव क्रौंच. वसंतात नदीवर उतरणाऱ्या त्या लांब मानेच्या पक्ष्यांवरून ठेवलेलं. आता, फुटबॉलचा सामना टीव्हीवर दिसायचा तर मधे मधे जाहिराती हव्यात, आणि जाहिराती हव्यात तर खेळ थांबायला हवा. तो कुणीतरी थांबवायला हवा. त्यासाठी टीव्हीवाले मैदानाच्या कडेला एक माणूस उभा करतात. लाल टोपी, खांद्यापासून मनगटापर्यंत लाल बाह्या, कानात यंत्र. यंत्राचं दुसरं टोक स्टेडियममागच्या प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये. तिथून हुकूम आला की वेंडेल छातीवर दोन्ही हातांची फुली करून उभा राहतो आणि पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच खेळ थांबवतो. जाहिराती संपल्या की वेंडेल उजवा हात रहाटासारखा गरागरा फिरवतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. बस, एवढंच काम. पण थंडीनं कुडकुडणाऱ्या साठ हजार लोकांना ट्रक दिसत नाही, करार दिसत नाही, दिसतो तो वेंडेल.

हे काम त्याच्याकडे आलं ते आर्डिथमुळे. आर्डिथ म्हणजे त्याची बायको. बसची नोकरी संपली तेव्हा वेंडेल घरी बसला, आणि बसून बसून स्वयंपाकघरात रहदारीचे नियम लावायला लागला. कपाट उघडताना मागे बघ, ओव्हनसमोर उभं राहू नकोस, दाराशी गर्दी करू नकोस. आर्डिथनं महिनाभर सोसलं. मग विद्यापीठात टीव्हीवाले माणूस शोधताहेत असं कानावर येताच तिनंच फोन करून सांगितलं, ‘‘आमच्याकडे एक आहे. बसचा लाल दिवा लावून जन्मभर लोकांना थांबवायचंच काम केलंय. घेऊन जा.’’

त्या फोनचा तिला पुढे जो पश्चात्ताप झाला, त्याचीच ही हकिगत.

पूर्वी कॉटनवुड बेंडमध्ये सामना शनिवारी दुपारी एक वाजता असायचा. एक म्हणजे एक. लोक लग्नाच्या तारखा, गुरांचे लिलाव, गुडघ्याची ऑपरेशनं, सगळं त्या हिशेबानं ठरवायचे. मग दहा-बारा विद्यापीठांच्या मंडळानं आपले सगळे सामने एका वाहिनीला विकले. काही वर्षांनी मंडळाला वाटलं, दुसऱ्याच्या गोठ्यात आपली गाय का बांधायची? म्हणून त्यांनी स्वतःचीच वाहिनी काढली. रात्रंदिवस चालणारी. दिवसाचे चोवीस तास भरायचे म्हणजे खायचं काम नाही. त्यामुळे तिच्यावर मुलींचं व्हॉलीबॉल, कुस्ती, जुने सामने आणि प्रशिक्षक गाडीतून उतरून ऑफिसात जाताहेत हे दृश्य, असं सगळं लागतं. सामना किती वाजता हे आता वाहिनी ठरवते, आणि तेही जेमतेम आठवडाभर आधी. सकाळी अकरा, दुपारी अडीच, रात्री सात, काहीही. डेलमार श्राम, म्हणजे पशुखाद्याच्या दुकानाचा मालक आणि वेंडेलचा बालमित्र, म्हणतो, ‘‘आमच्या गाईंनाही आता धार काढायची वेळ टीव्हीवर बघावी लागते.’’ ही वाहिनी म्हणजे दरोडा आहे, असं तो सकाळ-संध्याकाळ सांगतो. घरी तीच लावून बसतो.

पैसा मात्र आला, हे कबूल करायला हवं. नवा व्यायाम हॉल आला, दिवे आले, बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांग कमी झाली. गावानं मनातल्या मनात व्यवहार मान्य केला होता. एका गोष्टीचा अपवाद सोडून.

ती गोष्ट म्हणजे गाणं.

ऑक्टोबरात एका शनिवारी सगळे माजी विद्यार्थी गावात येतात. त्या दिवशी तिसरा डाव संपला की विद्यापीठाच्या बँडमधले जुने वादक मैदानात उतरतात. पोट सुटलेले, केस गेलेले, गणवेशाची बटणं देवाच्या भरवशावर लावलेले. आणि ते ‘लूपकाठची संध्याकाळ’ वाजवतात. संथ चालीचं गाणं, चार कडवी. पहिल्या तीन कडव्यांत नदी, मका, तरुणपण, ठरलेलं सगळं. चौथं कडवं सुरू झालं की अख्खं स्टेडियम पश्चिमेला वळतं, टोप्या काढतं, आणि ज्याचं जे माणूस गेलेलं असेल त्याच्यासाठी गातं. दफनाच्या वेळी न रडलेले शेतकरी तिथे रडतात. नाक शिंकरून पुन्हा पंचाला शिव्या द्यायला मोकळे होतात.

वाहिनी आल्यापासून चौथं कडवं वाजलंच नव्हतं. डावांमधल्या जाहिरातींचा वेळ तिसऱ्या कडव्यापाशी संपतो. ट्रकमधून हुकूम येतो, लाल टोपीवाला हात फिरवतो, पंच शिट्टी मारतो, म्हातारे वादक पाय ओढत बाहेर. आणि त्या वादकांत युफोनियम वाजवते आर्डिथ कुबिक. युफोनियम म्हणजे बाळासारखं छातीशी धरायचं पितळी वाद्य. तर साठ हजार लोकांदेखत, दर वर्षी, आर्डिथला तिचा सख्खा नवरा मैदानातून हाकलायचा.

‘‘मी नाही हाकलत गं,’’ वेंडेल म्हणायचा. ‘‘करार हाकलतो.’’

‘‘करार माझ्या शेजारी झोपत नाही,’’ आर्डिथ म्हणायची.

या वर्षी प्रकरण चिघळलं. बँडचे जुने गुरू लिंडग्रेन सर नव्वदीत पोचले होते. मुलीकडे अॅरिझोनात राहायचे. त्यांनी कळवलं, एकदा येतो आणि गाणं चालवतो, पुढे काही जमायचं नाही. सरांची बायको हेडविग मागच्या हिवाळ्यात गेली होती. त्यामुळे चौथं कडवं कुणासाठी आहे, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

आर्डिथनं चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा, वाडगा आणि दालचिनीचा रोल वेंडेलपुढे ठेवला. हे जेवण तिनं ठेवलं की काहीतरी मागायचं असतं, हे वेंडेलला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक.

‘‘या शनिवारी तू हात फिरवायचा नाहीस.’’

‘‘अगं, मी नाही फिरवला तरी पंच शिट्टी मारणारच.’’

‘‘मारू दे. पंच ओहायोचा आहे, त्याचं मी मनावर घेत नाही. तुझं घेते.’’

‘‘नोकरी आहे आर्डिथ. मी शब्द दिलाय. बसमध्ये असताना कधी थांबा चुकवला का मी?’’

‘‘चिली खा,’’ आर्डिथ म्हणाली. या घरात याचा अर्थ संभाषण संपलं, भांडण नाही.

शुक्रवारी वेंडेल ट्रककडे गेला. ट्रकची मुख्य होती मोनीक बॅप्टिस्ट. न्यू ऑर्लिन्सची, वेंडेलच्या मुलीएवढी, सतत च्युइंगम खाणारी आणि एकाच वेळी तीन माणसांशी बोलणारी बाई. वेंडेलनं टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. कडवं, सर, हेडविगबाई, चिली.

मोनीकनं च्युइंगम थांबवलं. ‘‘वेंडेल, मी एक सेकंद देऊ शकत नाही. प्रत्येक सेकंद कुणीतरी विकत घेतलाय.’’

‘‘कळलं मॅडम.’’

‘‘थांबा, ऐका तर. तिसऱ्या डावात मला दोन जाहिराती घालायच्या आहेत आणि डाव संपल्यावर एक. पण खेळ आपसूक थांबला तरच घालता येतात. गुण झाले, किंवा चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर. खेळ थांबलाच नाही, तर उरलेली जाहिरात कुठे जाईल?’’

वेंडेलनं डोकं खाजवलं. ‘‘डावाच्या शेवटी?’’

‘‘शेवटच्या जाहिरातीला जोडून. म्हणजे थांबा दुप्पट. आता खेळ थांबेल की नाही हे माझ्या हातात नाही. तुमच्याही नाही.’’ आणि तिनं पुन्हा च्युइंगम सुरू केलं.

वेंडेलनं घरी जाऊन हे आर्डिथला सांगितलं आणि बजावलं, ‘‘कुणाला बोलू नकोस.’’ आर्डिथ कुणालाच बोलली नाही. फक्त युफोनियमवाल्यांना बोलली, कारण त्यांना माहीत असायला हवं. युफोनियमवाले फक्त ट्रॉम्बोनवाल्यांना बोलले. शनिवारी सकाळी वेंडेल कॉफी प्यायला मेलबाच्या कॅफेत गेला, तर डेलमार टेबलावर मिठाची आणि मिरीची भांडी मांडून गावकऱ्यांना समजावत होता, ‘‘हे बघा, ही मिरी म्हणजे आपण, हे मीठ म्हणजे ओझार्क टेक, आजचा पाहुणा संघ. तिसऱ्या डावात चेंडू ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राहिला पाहिजे. समजलं? खेळ थांबता कामा नये!’’

‘‘ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे?’’ दंतवैद्यानं विचारलं. ‘‘त्यांच्याकडे असला तर?’’

‘‘तरी!’’ डेलमार गरजला. मिठाचं भांडं कलंडलं. कुणाला त्यात अपशकुन दिसला नाही.

सामना अडीचला सुरू झाला. पहिले दोन डाव नेहमीसारखे गेले. वेंडेलनं फुली केली की हुर्यो, हात फिरवला की उपरोधानं टाळ्या. मध्यंतराला दोन्ही संघ बरोबरीत होते.

तिसरा डाव सुरू झाला आणि चेंडू ओझार्क टेककडे आला.

आता, क्रौंचांच्या मैदानात पाहुणा संघ चेंडू घेऊन पुढे यायला लागला की लोक असा गिल्ला करतात की त्यांच्या खेळाडूंना स्वतःच्या मनातलंही ऐकू येऊ नये. त्या दिवशी स्टेडियम चिडीचूप. ओझार्कचा पोरगा चेंडू घेऊन पळाला, दहा पावलं पुढे पडला, तर टाळ्या! बाकावरचे ओझार्कवाले एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या खेपेला आणखी पुढे आले. जोरात टाळ्या! ‘‘चला, चला, छान!’’ पाद्रीबाबा चक्क उभे राहून ओरडले. क्रौंचांचे प्रशिक्षक बक हॉलस्ट्रॉम गर्रकन वळले आणि गर्दीकडे अशा नजरेनं पाहू लागले, जणू माणूस घरी यावा आणि त्याचा कुत्रा चोराच्या मांडीवर बसलेला असावा.

‘‘वेंडेल,’’ कानात मोनीक म्हणाली, ‘‘तुमच्या लोकांना काय झालंय?’’

‘‘सांगायला वेळ लागेल मॅडम.’’

खेळ थांबत नव्हता. घड्याळ पळत होतं. योजना लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. फक्त एक गोष्ट मिठा-मिरीच्या भांड्यांनी डेलमारला सांगितली नव्हती. पाहुण्याला असं टाळ्या वाजवत पुढे पुढे आणलं, की शेवटी तो गोलरेषेवर येऊन उभा राहतो. आणि तिथून एक पाऊल पुढे टाकतो.

ओझार्क टेकनं गुण केले. अर्थातच खेळ थांबला.

‘‘जाहिरात,’’ ट्रक म्हणाला.

वेंडेलनं छातीवर फुली केली. या वेळी हुर्यो झाली नाही. त्याऐवजी साठ हजार लोकांच्या पोटातून असा एक ‘हाऽऽ’ निघाला, जसा बाजारात पाकीट गेल्याचं कळल्यावर निघतो. सात गुणांनी मागे पडलो, ते आपणच टाळ्या वाजवून, आणि दोनातली एक जाहिरातही गेली. डेलमार टोपीत तोंड लपवून बसला होता. त्याची बायको वर्नीस त्याला हळूच म्हणाली, ‘‘आता मोहरीची बाटली पण मांड.’’

एक जाहिरात उरली होती. चेंडू आता क्रौंचांकडे. क्रौंच पळायला लागले आणि लोकांना एकदाचं आपल्याच संघासाठी ओरडायला मिळालं. कोंडलेला आवाज असा फुटला की वरच्या दिव्यांवरची कबुतरं उडाली. पळ, पड, पुन्हा उभा राहा, पुन्हा पळ. डाव संपत आला तेव्हा क्रौंच मैदानाच्या मध्यावर अडले. चार प्रयत्नांत दहा यार्ड कापले तरच चेंडू आपल्याकडे राहतो; हा चौथा, शेवटचा प्रयत्न, आणि हातभर अंतर बाकी. अशा वेळी शहाणा प्रशिक्षक चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतो. आणि हॉलस्ट्रॉम शहाणा होता, त्यानं लाथ मारणाऱ्या पोराला बोलावलंही. चेंडू गेला की खेळ थांबणार, जाहिरात लागणार, हिशेब मिटणार.

‘‘नाऽऽही!’’ स्टेडियम ओरडलं. आज्या ओरडल्या. मका विकणारा ओरडला. हॉलस्ट्रॉमनं गर्दीकडे पाहिलं. मघाशी शत्रूला टाळ्या, आता हे. आज हे लोक वेडे झालेत आणि वेड्यांशी वाद घालू नये, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. त्यानं पोराला परत बोलावलं, संघाला पुढे घुसायला सांगितलं. संघ घुसला. हातभर अंतर हवं होतं, दीड हात मिळालं. डाव संपला.

‘‘दोन्ही एकदम,’’ मोनीक म्हणाली. ‘‘दुप्पट थांबा.’’

वेंडेलनं फुली केली आणि त्याच्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदा जाहिरातीला टाळ्या पडल्या. ‘‘आणखी! आणखी!’’ विद्यार्थी ओरडत होते.

बँड मैदानात आला. आणि मग लिंडग्रेन सर निघाले. चालताना आधाराला धरायची चौकट पुढे सरकवत, चार पावलं चालत, थांबत, गवताकडे कौतुकानं बघत, पुन्हा चार पावलं. वाटेत ओझार्कच्या एका धिप्पाड पोरानं त्यांना नमस्कार केला तर सरांनी थांबून त्याचं गाव विचारलं. दुप्पट वेळातला पाव हिस्सा सरांच्या चालण्यातच गेला. शेवटी हात उचलला, गाणं सुरू झालं. पण सरांची लय वयाप्रमाणे संथ झालेली. नदी आली, मका आला, तरुणपण कसं हळूहळू, सावकाश, रमतगमत आलं.

‘‘वेंडेल, हात,’’ कानात आवाज आला.

तिसरं कडवं संपत होतं.

वेंडेल कुबिकनं हात फिरवला. ठरलेल्या क्षणी, नेहमीसारखा. पंचानं शिट्टी मारली. युफोनियमच्या कर्ण्यावरून आर्डिथनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्याचा हात स्वच्छ दिसला. तिनं दीर्घ श्वास घेतला, गाल फुगवले, आणि त्याच्याकडे बघत बघत चौथं कडवं सुरू केलं. तिच्यामागून ट्रॉम्बोन आले, मग तुताऱ्या आल्या. सरांची तर वेंडेलकडे पाठच होती. साठ हजार माणसं पश्चिमेला वळली. टोप्या उतरल्या.

वेंडेलचा भाऊ लेनी ट्रॅक्टरखाली गेला होता, फार वर्षांपूर्वी. लाल टोपी डोक्यावरून काढायची नाही हा टीव्हीवाल्यांचा नियम, आणि या कडव्याला टोपी डोक्यावर ठेवायची नाही हा गावाचा. वेंडेल क्षणभर अडला. मग उजवा हात फिरवत ठेवून त्यानं डाव्या हातानं टोपी काढली आणि छातीशी धरली.

‘‘वेंडेल, आपण प्रक्षेपणावर परत आलोय. मैदानात बँड का आहे?’’

‘‘हात फिरवतोय मॅडम.’’

‘‘दिसतंय. सगळ्या देशाला दिसतंय. टोपी कुठाय?’’

‘‘हातात. चौथं कडवं आहे.’’

पलीकडे च्युइंगम थांबल्याचं वेंडेलला ऐकू आलं. जरा वेळानं मोनीक कुणाला तरी म्हणाली, ‘‘दोन नंबरचा कॅमेरा म्हाताऱ्यावर ठेव.’’ आणि मग त्याला, ‘‘ते मोठं वाद्य घेतलेल्या बाई कोण? सगळं त्यांनीच सुरू केलं.’’

‘‘घरचीच आहे,’’ वेंडेल म्हणाला.

शेवटचा सूर नदीकडे गेला. सरांनी हात खाली घेतला, खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. ओहायोच्या पंचानंही सभ्यपणे तोवर वाट पाहिली, आणि मग आपला दंडाचा पिवळा रुमाल गवतावर टाकला. ‘‘खेळाला विलंब. यजमानांचा बँड. पाच यार्ड मागे.’’

दंड झाल्यावर एवढा जल्लोष त्या मैदानात पूर्वी कधी झाला नव्हता. हॉलस्ट्रॉम तेवढा डोकं धरून खाली बसला.

क्रौंचांनी बरोबरी साधली, पुन्हा मागे पडले, आणि अगदी शेवटी जिंकून देणाऱ्या लाथेचा चेंडू आडव्या दांड्यावर आपटून परत आला. हरले. आता त्या लाथेचा आणि त्या पाच यार्डांचा संबंध नव्हता, मधे बराच खेळ झाला होता. पण कॉटनवुड बेंडला हिशेब शिकवायला कोण जाणार?

रविवारी चर्चनंतर डेलमार आर्डिथपाशी आला. ‘‘तुझ्यामुळे हरलो, आर्डिथ. पाच यार्ड.’’

‘‘हो. आणि सात गुण कुणामुळे?’’

डेलमारनं विषय बदलला. ‘‘सर कुठे दिसत नाहीत?’’

‘‘सकाळच्या विमानानं गेले. म्हणाले, ट्रॉम्बोन जरा घाईत होते.’’

आर्डिथनं वेंडेलला एका शब्दानं बोल लावला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, ‘‘तू हात फिरवलास ना?’’

‘‘फिरवला.’’

‘‘मला वाटलंच होतं फिरवशील. म्हणूनच मी श्वास आधी भरून ठेवला होता.’’

बुधवारी वाहिनीनं तो सामना पुन्हा दाखवला. एका तासात बसवलेला, नुसता खेळ, बाकी सगळं कापलेलं. दोघं वाडगे मांडीवर घेऊन बसले. तिसरा डाव संपला आणि लगेच चौथा सुरू झाला. गाणं नाही, सर नाहीत, आर्डिथ नाही. कात्रीतून वाचलं होतं ते पंचाच्या रुमालाचं अर्धं दृश्य, आणि त्याच्यामागे टोपी छातीशी धरून, उन्हात चमकणारं टक्कल घेऊन, कुणीही ऐकत नसताना जिवाच्या आकांतानं हात फिरवणारा एक म्हातारा.

‘‘गाणं कापलं मेल्यांनी,’’ आर्डिथ म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘आणि हे ठेवलं.’’

‘‘हो ना.’’

आर्डिथ आधी नाकातून हसली, मग पोटातून, मग वाडगा खाली ठेवून डोळे पुसायला लागली. ‘‘परत लाव,’’ ती म्हणाली.

वेंडेलनं परत लावलं. या खेपेला आर्डिथनं गाल फुगवले आणि युफोनियमचा भाग तोंडानंच म्हणायला सुरुवात केली, सरांच्या लयीत. एवढ्याशा दृश्यात ते कडवं मावेना, म्हणून ती ‘‘पुन्हा, पुन्हा’’ अशी खूण करत राहिली, आणि वेंडेल एका हातानं रिमोट दाबत, दुसऱ्यानं रोल चिलीत बुडवत, तिचं कडवं संपायची वाट बघत बसला.